पितामहांचे अपुरे राहिलेले कार्य

२६ नोव्हेंबर २०२० रोजी फकीरचंद कोहली यांनी वयाच्या ९७व्या वर्षी इहलोकीचा निरोप घेतला. देश तेव्हा करोनाच्या महासाथीशी झुंजत होता. वृत्तपत्रांनी ‘भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे भीष्मपितामह’ म्हणून त्यांचा गौरव केला आणि दोन दिवसांत ती बातमी मागे पडली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, अर्थात टीसीएस, ही संस्था त्यांनी जवळपास शून्यातून उभी केली. मार्च २०२४ अखेर या एका संस्थेत ६ लाखांहून अधिक माणसे काम करीत होती. आज मराठी मध्यमवर्गात असे घर शोधूनही सापडणार नाही, ज्यातील मुलगा, सून, भाचा वा पुतणी या क्षेत्रात नाही. हिंजवडीच्या वाटेवर रोज सकाळी लागणाऱ्या वाहनांच्या रांगा, अमेरिकेतील नातवंडांशी रविवारी रात्री होणाऱ्या गप्पा, हप्त्यावर घेतलेले दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचे घर, या साऱ्यामागे या माणसाचे कर्तृत्व आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक नसते.

मात्र नाव ठाऊक नसणे ही तुलनेने लहान उपेक्षा झाली. मोठी उपेक्षा निराळीच आहे. कोहलींनी जे साधले त्याचा आपण उपभोग घेतला; त्यांना जे साधावयाचे होते, ते आपण ऐकूनही घेतले नाही. आयुष्याची अखेरची २० वर्षे हा पितामह समाधानाने मागे टेकून बसला नव्हता. ज्या उद्योगाचे पितृत्व त्यांना बहाल केले गेले, तो उद्योग आपल्या देशातील बहुसंख्य माणसांच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही, ही खंत ते जाहीरपणे बोलून दाखवीत. त्या खंतीचा वारसा कोण घेणार, हा आज आमच्यापुढील प्रश्न आहे.

कोहलींचा जन्म १९ मार्च १९२४ चा, पेशावरचा. खालसा माध्यमिक शाळेत आणि नॅशनल हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले, पुढे लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. ते परदेशात असतानाच १९४७ साल उजाडले. ज्या नगरात जन्म घेतला, ज्या नगरात शिक्षण झाले, ती दोन्ही नगरे एका रात्रीत परराष्ट्रात गेली. कुटुंबाला वंशपरंपरेची भूमी सोडून यावे लागले. फाळणीने लक्षावधी हिंदू आणि शीख कुटुंबांना जे भोगावयास लावले, ते या घराच्याही वाट्याला आले.

कोहली १९४८ साली क्वीन्समधून पदवीधर झाले, १९५० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतून, म्हणजेच एमआयटीमधून, त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. तेथील वीज कंपन्यांत अनुभव घेतला. जन्मगाव उरले नव्हते. परतावे असे घर ज्या मातीत होते ती माती परकी झाली होती. अशा २७ वर्षांच्या अभियंत्याने अमेरिकेतच राहण्याचे ठरविले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण १९५१ साली ते भारतात आले. ‘देश’ म्हणजे केवळ आपल्या गावची वेस नव्हे, हे सूत्र आम्ही बौद्धिकांतून वारंवार मांडतो. या तरुणाने ते आचरणात आणून दाखविले. त्याचे गाव गेले, देश गेला नव्हता.

मुंबईत टाटांच्या वीज कंपन्यांत ते रुजू झाले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील जलविद्युत केंद्रांतून व पुढे ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातून मुंबईला वीज मिळत असे. वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, हा तिचा धर्म. पहाटे गिरण्या सुरू झाल्या की भार चढतो, रात्री उतरतो. कोणते जनित्र केव्हा चालवावे, धरणातले पाणी केव्हा वापरावे आणि कोळसा केव्हा, याचे गणित क्षणोक्षणी बदलते. हे गणित माणसांनी कागदावर करण्याऐवजी संगणकाकडून करून घ्यावे, हा ध्यास कोहलींनी घेतला. १९६४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या काळचा बलाढ्य संगणक आला, तेव्हा वीजजाळ्याच्या आकडेमोडीसाठी त्याचा उपयोग करून घेणाऱ्यांत ते होते. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईच्या वीजजाळ्याचे नियंत्रण संगणकाच्या साहाय्याने होऊ लागले. देशात असे प्रथमच घडत होते. संगणक म्हणजे काय हे सुशिक्षितांनाही सांगावे लागे, असा तो काळ होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोहलींच्या दृष्टीने संगणक हे प्रथमपासून एक साधन होते. गिरणी बंद पडू नये, रुग्णालयातला दिवा विझू नये, यासाठीचे साधन. यंत्राच्या मोहात पडून त्यासाठी काम शोधणारा हा माणूस नव्हता. काम समोर होते, म्हणून यंत्र शोधले. पुढील साऱ्या आयुष्यात त्यांनी ही दृष्टी सोडली नाही.

१९६८ साली टाटा समूहाने संगणक सेवेसाठी एक स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याचे नाव टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस. पुढच्याच वर्षी त्याची धुरा कोहलींकडे सोपविण्यात आली. ते स्वतःहून गेले नाहीत. वीज अभियांत्रिकी हा त्यांचा प्राण होता आणि ती सोडून या नव्या, अनिश्चित उद्योगात पडण्यास ते फारसे राजी नव्हते. पण जबाबदारी आली आणि त्यांनी ती पूर्णपणे आपली मानली. प्रारंभीची कामे तशी साधीच होती. समूहातील कंपन्यांचे हिशेब करावयाचे, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांतील व्यवहारांची जुळणी लावावयाची. एका शाखेने दिलेला धनाकर्ष दुसऱ्या शाखेत वटतो, त्या दोन नोंदी कधीतरी एकमेकींना भेटाव्या लागतात. हाताने हे काम करताना नोंदींचे ढीग साचत. ते उपसणे, ही या उद्योगाची धुळाक्षरे होती.

स्वतःचे चांगले यंत्र आणावयाचे तर शासनाची धोरणे आडवी येत. परकीय चलनाचा दुष्काळ होता. संगणक ही चैनीची वस्तू समजली जाई. यंत्राच्या किमतीहून अधिक आयातशुल्क भरावयाचे आणि वर सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्यावयाची, अशा अटी होत्या. सॉफ्टवेअर निर्यात होऊ शकते यावर त्या वेळी निर्यात करावयास सांगणाऱ्यांचाही विश्वास नसावा! कोहलींनी ती अट मान्य केली. १९७४ साली अमेरिकेच्या बरोज या संगणक कंपनीशी करार झाला. रुग्णालयांच्या कारभारासाठी बरोजच्या एका जातीच्या संगणकावर लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालेल अशी करून द्यावयाची होती. बरोजचे यंत्र भारतात पोहोचले नव्हते. हाताशी होते ते निराळ्याच, ब्रिटिश बनावटीचे यंत्र. कोहलींच्या तरुण अभियंत्यांनी हजारो ओळी एकेक करून बदलण्याऐवजी, त्या बदलून देणारी आज्ञावलीच लिहिली आणि ती ब्रिटिश यंत्रावर चालवून अमेरिकन यंत्राचे काम पुरे केले. ज्या प्रकारच्या कामावर पुढे भारताचा हा सारा उद्योग उभा राहिला, त्याची पायाभरणी अशी अडचणीत झाली.

पुढे बरोजने टाटांशी स्वतंत्र संयुक्त कंपनी स्थापली आणि ते काम टीसीएसच्या हातून गेले. मोठा ग्राहक गमावलेली कंपनी खचावयाची. कोहलींनी याचा अर्थ असा लावला की, एकाच्या आधारावर उभे राहणे संपले, आता स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे. १९७९ साली न्यूयॉर्क येथे कार्यालय उघडले, आणि ते उभे करण्यास गेलेले एस. रामदोराई हेच १९९६ साली कोहलींचे उत्तराधिकारी झाले. मधल्या काळात १९८९ साली स्वित्झर्लंडच्या रोखे-पूर्तता संस्थेसाठी मोठी संगणकीय यंत्रणा उभारण्याचे काम टीसीएसने केले. १९९६ साली आपल्याकडे एनएसडीएल स्थापन झाली आणि कागदी शेअर प्रमाणपत्रांचा कारभार हळूहळू संपून डिमॅट खाती आली, तेव्हा ती यंत्रणा बांधताना हाच अनुभव कामी आला. पोस्टात गहाळ झालेली शेअर सर्टिफिकिटे आणि न जुळणाऱ्या सह्या ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

हे सारे चालू असताना समाजाची भूमिका काय होती? ती प्रामाणिकपणे आठवली पाहिजे. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस, ही भावना सर्वत्र होती. बँका, विमा कार्यालये येथे निदर्शने होत. ही केवळ डाव्या संघटनांची भूमिका होती असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. आपल्या विचारपरिवारातील भारतीय मजदूर संघानेही १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. त्या विरोधामागे कामगाराच्या भाकरीची खरी चिंता होती. ज्या देशात हातांना काम नाही, तेथे हातांची जागा घेणारे यंत्र कशासाठी, हा प्रश्न निरर्थक नव्हता आणि आजही नाही. परंतु कोणते यंत्र, कोणासाठी आणि कोणाच्या स्वामित्वाखाली, हे पुढचे प्रश्न त्या वेळी पुरेशा नेटाने विचारले गेले नाहीत. केवळ विरोध केल्याने यंत्र थांबले नाही. ते आले, आणि आले ते इंग्रजी बोलतच आले. त्याने रोजगार दिला तोही प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्यांना. आम्ही विरोधात शक्ती खर्च करण्याऐवजी ते यंत्र आपल्या भाषेत, आपल्या कामगाराच्या हाती देण्याचा आग्रह धरला असता, तर चित्र निराळे झाले असते. स्वदेशीचा विचार यंत्राचा शत्रू नाही. त्याचा आग्रह इतकाच, की यंत्राने माणसाला परावलंबी करू नये.

कोहलींना उद्योजक म्हणताना आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. रूढ अर्थाने ते मालक नव्हते. ना वडिलोपार्जित भांडवल, ना कंपनीवर स्वामित्व. टीसीएस सार्वजनिक भागविक्रीसाठी बाजारात आली ती २००४ साली. त्यापूर्वी आठ वर्षे कोहली सूत्रे खाली ठेवून मोकळे झाले होते. जे उभे केले ते स्वतःच्या नावावर नसताना उभे केले. यशस्वी उद्योजकाची थोरवी त्याच्या संपत्तीच्या आकड्यावरून मोजण्याच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट विलक्षण वाटेल. आपल्या परंपरेला ती विलक्षण वाटण्याचे कारण नाही. कर्म आपले आणि फळ समाजाचे मानणारी विश्वस्तवृत्ती आपण पुस्तकातून शिकवितो. मुंबईच्या एका कार्यालयात ती सत्तावीस वर्षे चालताबोलता वावरत होती.

माणसे घडविणे हा त्यांचा दुसरा उद्योग. आयआयटी कानपूरचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर यांना चांगले अध्यापक मिळवून देण्याच्या कामी कोहलींनी साहाय्य केले. १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन, विकास व संरचना केंद्राची स्थापना झाली. निर्यातीवर उत्तम चालणाऱ्या कंपनीला संशोधन केंद्र हा खर्चच वाटला असता. कोहलींना ती गुंतवणूक वाटली. याच केंद्रात भाताच्या तुसाची राख वापरून पाणी गाळण्याचे संशोधन झाले आणि त्यातून पुढे २००९ साली विजेविना चालणारा, सामान्य कुटुंबाला परवडेल असा जलशोधक बाजारात आला. सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रयोगशाळेत भाताचा तूस काय करतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वर आलेच आहे. काम समोर होते, म्हणून साधन शोधले.

सेवानिवृत्तीनंतर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे काम त्यांनी अंगावर घेतले. १८५४ साली स्थापन झालेली ही संस्था. तिला स्वायत्तता मिळाल्यानंतर तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मूठभर आयआयटींतून निघणाऱ्या मूठभर अभियंत्यांवर देश चालत नाही. शेकडो सामान्य महाविद्यालयांचा दर्जा उंचावला पाहिजे, असे ते मांडीत. २०२२ साली या महाविद्यालयाला तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तो सोहळा पाहण्यास मात्र कोहली नव्हते.

या साऱ्या कर्तृत्वाचा कळस म्हणून आम्ही जे सांगू, ते मात्र त्यांच्या गौरवलेखांत एखाद-दुसऱ्या ओळीत उरकले जाते. २००० साली, वयाच्या ७६व्या वर्षी, कोहलींनी प्रौढ निरक्षरतेच्या प्रश्नाला हात घातला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आणि आताच्या तेलंगणातील मेडक जिल्ह्यात पहिला प्रयोग झाला. दिवसभर काबाडकष्ट करून आलेल्या स्त्रिया संध्याकाळी एका संगणकासमोर बसल्या. संगणकही नवा कोरा नव्हता. मोठ्या कार्यालयांनी जुने म्हणून बाजूला सारलेले यंत्र या कामास पुरेसे होते. पडद्यावर चित्र येई, शब्द येई, आणि आवाजातून त्याचा उच्चार ऐकू येई. अक्षरे घोटवून शब्दापर्यंत जाण्याऐवजी, जो शब्द ती स्त्री जन्मापासून बोलत आली आहे, तोच आधी डोळ्यांना ओळखावयास शिकवावयाचा आणि मग त्यातील अक्षरे सुटी करावयाची, अशी ही पद्धत. प्रशिक्षित शिक्षकाची गरज नाही. गावातलीच थोडी शिकलेली मुलगी वर्ग चालवू शकते. सुमारे ४० तासांच्या शिक्षणानंतर प्रौढ माणूस वृत्तपत्रातील सोपा मजकूर वाचू लागतो. तेलुगूपाठोपाठ ही पद्धत मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार करण्यात आली.

या पद्धतीमागे एक तत्त्व आहे. प्रौढ निरक्षर माणूस अज्ञानी नसतो. त्याची भाषा पूर्ण विकसित असते. त्याच्यापाशी शेतीचे, ऋतूंचे, नात्यांचे, देवधर्माचे ज्ञान असते. म्हणी, ओव्या, अभंग मुखोद्गत असतात. उणीव असते ती एवढीच, की तोंडातला शब्द कागदावर ओळखता येत नाही. पंढरीच्या वाटेवर शेकडो अभंग तोंडपाठ म्हणणारी, परंतु गाथेचे पान हाती दिले तर ते उलटे की सुलटे हे न कळणारी माउली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला ‘अडाणी’ म्हणणारे आपण कोण? तिला मुलाबाळांप्रमाणे पाटीवर गिरवावयास बसविणे, हा तिच्या वयाचा अवमान आहे; म्हणूनच प्रौढ शिक्षणाचे वर्ग महिन्याभरात ओस पडतात. कोहलींच्या पद्धतीने तिच्यापाशी जे आहे त्याचा आदर करून पुढचे पाऊल टाकले.

२००१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर तिघांपैकी एकाला वाचता येत नव्हते. ही पद्धत देशभर नेली तर तीन ते पाच वर्षांत हा कलंक जवळपास पुसता येईल, असे कोहली सांगत. हिशेब अभियंत्याचा होता: इतकी माणसे, इतके तास, इतकी यंत्रे. दहा वर्षांनंतरच्या, २०११ च्या जनगणनेत साक्षरता तीन-चतुर्थांशाच्याही किंचित आतच राहिली. मधल्या दशकात देशाची सॉफ्टवेअर निर्यात अनेक पटींनी वाढली होती. पद्मभूषण पुरस्कार कोहलींना २००२ सालीच मिळाला होता. सत्कार करावयास देश तयार होता, हिशेब ऐकावयास नव्हता. यंत्र कमी पडले नाही. यंत्र गावात पोहोचविणारे, रोज संध्याकाळी दिवा लावून वर्ग उघडणारे, चार दिवस न आलेल्या बाईच्या दाराशी जाऊन तिला हाक मारणारे हात कमी पडले.

दुसरी खंत भाषेची. जो देश जगाला सॉफ्टवेअर लिहून देतो, त्या देशातील माणसाला संगणक वापरण्यासाठी आधी परकी भाषा शिकावी लागते, याचे कोहलींना वैषम्य वाटे. इंग्रजी सफाईने येणारे आपल्याकडे थोडे. उरलेल्या कोट्यवधींनी काय करावे? तांत्रिक अडचण होती, असे म्हणता येणार नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले भारतीय लिप्यांचे तंत्र उपलब्ध होते. नागरी लिपी यंत्राला साजेशी व्हावी म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी छापखाना आणि टंकलेखनयंत्र यांच्या काळातच लिपिशुद्धीचा आग्रह धरला होता. त्यांनी सुचविलेले बदल सर्वांनी स्वीकारले नाहीत. परंतु यंत्र बदलत असताना भाषेने मागे राहता कामा नये, हे त्यांचे सांगणे किती दूरदृष्टीचे होते, ते आज कळते. उणीव होती ती मागणीची. मराठी माणसाने मराठीत चालणारा संगणक आग्रहाने मागितलाच नाही. संगणकासमोर बसताच आपण निमूटपणे इंग्रजी होतो आणि त्यालाच प्रगती समजतो.

तिसरी खंत यंत्रनिर्मितीची. केवळ सॉफ्टवेअर लिहून भागणार नाही. संगणक आणि त्यातील चिप येथे घडल्या पाहिजेत, हे ते सतत सांगत राहिले. तेव्हा ते कोणी मनावर घेतले नाही. करोनाच्या काळात जगभर चिपचा तुटवडा पडला आणि मोटारींचे कारखाने थंडावले, तेव्हा या सांगण्याचा अर्थ ध्यानात आला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ७६,००० कोटी रुपयांची तरतूद करून अर्धवाहक निर्मितीची योजना आखली. जुलै २०२२ मध्ये गांधीनगर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘भाषिणी’ या भारतीय भाषांच्या तांत्रिक उपक्रमाचे उद्घाटन झाले. बोललेले समजून घेणारी आणि एका भारतीय भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारी यंत्रणा उभारणे, हा तिचा हेतू. या दोन्ही गोष्टींचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. पण कोहलींच्या हयातीत, निदान २० वर्षे आधी, त्या व्हावयास हव्या होत्या, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. शिवाय शासनाने योजना आखली म्हणजे समाजाचे काम संपले, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. साक्षरतेचा अनुभव ताजा आहे. योजना तेथेही होत्या.

कोहली कोणत्याही विचारधारेचे प्रचारक नव्हते आणि त्यांना आपल्या मांडवात ओढून आणण्याचा आमचा मुळीच प्रयत्न नाही. परंतु पंडित दीनदयाळजींनी प्रगतीसाठी जो मापदंड दिला, तो रांगेतील शेवटच्या माणसाचा होता. शिखर किती उंच गेले यापेक्षा तळाशी असलेला किती वर आला, यावरून प्रगती मोजावी, हे अंत्योदयाचे सार. ज्यांच्या नावे एका संपूर्ण उद्योगाचे शिखर उभे आहे, अशा कोहलींनी उतारवयात स्वतःच्या कार्याला हाच मापदंड लावला आणि त्यावर ते कार्य अपुरे असल्याचे प्रांजळपणे मान्य केले. स्वतःच्या यशाची अशी कठोर तपासणी करणारे यशस्वी पुरुष थोडेच असतात. त्यांच्यापासून प्रेरणा घ्यावयाची ती येथे.

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टी शासनाने आणि उद्योगांनी कराव्यात. परंतु आपल्या वाट्याचे काम लहान असले तरी दुर्लक्षिण्याजोगे नाही. आपले कार्यकर्ते सेवावस्त्यांतून जातात, संस्कारवर्ग चालवितात, आरोग्य शिबिरे भरवितात. त्याच वस्त्यांत, त्याच मुलांच्या आया आणि आज्या दवाखान्याच्या कागदावर अंगठा उमटवितात, बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेतात. संस्कारवर्ग सुटल्यावर त्याच जागेत, त्याच सतरंजीवर, त्या माउल्यांचा एक तासाचा वर्ग का भरू नये? कोहलींच्या काळी त्यासाठी गावात संगणक न्यावा लागे. आज वस्तीतील बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आहे आणि त्याचा पडदा ते काम करू शकतो. साधन पोहोचलेले आहे. चाळीस तास देणारा माणूस तेवढा हवा.

आणि ज्यांच्या घरात सॉफ्टवेअर अभियंते आहेत, त्यांनी एक प्रश्न घरातच विचारावा. बाळा, तू दिवसभर जे लिहितोस, त्यातले काही तुझ्या आजीच्या उपयोगाचे आहे का? ती मराठीतून त्याच्याशी बोलू शकेल का? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारू नये. तो अत्यंत गंभीरपणे विचारावा. त्या तरुणांपाशी कौशल्य आहे, साधने आहेत आणि शनिवार-रविवारचा वेळही आहे. त्यांना कोणी मागितलेले नाही, एवढेच. मराठीतून चालणारी, शेतकऱ्याला, कारागिराला, दुकानदाराला उपयोगी पडणारी साधने घडविण्याची हौस त्यांच्यात जागी करणे, हे काम त्यांच्या आईवडिलांइतके दुसरे कोणी करू शकणार नाही. आपणही आपल्या घरातील यंत्रे मराठीत करावीत, बँकेच्या यंत्रासमोर उभे राहून मराठीचा पर्याय निवडावा, जेथे तो नसेल तेथे लेखी मागणी करावी. मागणीवाचून पुरवठा होत नाही, हा बाजाराचा नियम भाषेलाही लागू आहे.

महाभारतातील भीष्मपितामह शरपंजरी पडले असता, युद्ध जिंकलेले पांडव त्यांच्यापाशी गेले आणि राज्य कसे करावे हे त्यांनी विचारून घेतले. विजय मिळाल्यानंतर पितामहांचे ऐकावयाचे असते, ही आपली शिकवण आहे. आपण सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जिंकलो, आणि आपल्या पितामहांना पुष्पहार अर्पण करून घरी परतलो. त्यांनी सांगितलेले ऐकावयाचे राहून गेले. ज्या सायंकाळी आपल्या एखाद्या वस्तीतील एखादी माउली, आयुष्यभर तोंडपाठ म्हटलेला अभंग गाथेत बोट ठेवून स्वतः वाचील, त्या सायंकाळी पेशावरचे घर गमावून या भूमीत परतलेल्या त्या पुरुषाचे ऋण आपण थोडेसे फेडले, असे म्हणता येईल.